दिवाळीच्या सुट्टीत रोजचं लिखाण कसं टिकवायचं?

रामबागची_लेखणी:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. पावसाळ्यात एक दीर्घकथा लिहायला घेतली, मुलांची स्कूलबस गेली की ओट्यावरचं आवरायच्या आधी एक पान, असा नेम छान बसलाय. आता सुट्ट्या लागतील, पुण्याहून दीर-जाऊबाई, देवासहून आत्याबाई येणार, सकाळी पोहे-जलेबी ते रात्री सराफ्यातली खाऊगल्ली, घर नुसतं भरलेलं. माणसं हवीतच मला, वर्षभर वाट बघतो आपण, पण तेवढ्या दिवसांत कथेतली माणसं लांब जातील याची धास्ती वाटते. सणासुदीत लिखाण चालू ठेवणारं कुणी असेल तर नेमकं काय करता ते सांगा ना. फक्त पहाटे उठा असं नका सांगू, उटणं, अभ्यंगस्नान, फराळाची ताटं सगळं माझ्याकडेच असतं.

पाटीपेन्सिल:
ताई, एखादा दिवस चुकला तर नेम मोडला असं अजिबात धरू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी सवयींवर अभ्यास केला होता, 2010 चा आहे, त्यात सवय अंगवळणी पडायला लोकांना 18 ते 254 दिवस असा वेगवेगळा काळ लागेल असं दिसलं, मध्यावर 66, आणि मधे एखाद्या वेळी हुकलं तरी फारसं काही बिघडलं नाही. त्यातली लोकं सवय कशाला तरी जोडून घेत होती, म्हणजे नाश्त्यानंतर अमुक करायचं, असं. तुमचं पान बसला जोडलंय आणि सुट्टीत बसच येणार नाही, खरी अडचण तिथे आहे! त्या दिवसांतही जे रोज होणारच अशा कशाला तरी जोडा, दुपारचा चहा म्हणा. पान नाही झालं तर चार ओळी, पण त्याच वेळेला.

जुना_इंदूरकर:
मी तर म्हणतो सुट्टीत कथेला हातच लावू नका. घरात एवढी माणसं बोलतायत, ते टिपा. आत्याबाई देवासच्या, त्यांची हिंदी मिसळलेली मराठी पुण्याच्या जाऊबाईंपुढे कशी होते, कोण कुणाला मधेच तोडतं, सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाताना कोण जुना विषय काढतं. संवाद असे घरबसल्या मिळतात आणि नंतर आठवून लिहायला गेलं की सगळी माणसं एकसारखी बोलायला लागतात, म्हणून त्याच रात्री दोन वाक्यं जशीच्या तशी उतरवून ठेवा बेटा.

फराळ_आणि_फाईल:
काका, टिपणं हवीतच पण कथा पूर्ण बंद ठेवली तर पुन्हा आत शिरायला फार जड जातं हो, निवेदनाचा सूरच हरवतो. ताई, सुट्टीआधीचं शेवटचं पान प्रसंगाच्या मध्यात सोडा, पुढे कोण काय बोलणार तेही खाली लिहून ठेवा म्हणजे चहाच्या वेळी कुठून सुरू करू हा विचारच नको. आणि हात पिठात असले तर फोनवर मराठीत बोलून टाईप होतं, चुका होतात पण नंतर सुधारता येतात. अजून एक, 1909 मध्ये मनोरंजन मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाबरोबर वाचन ही आपली रीतच आहे, तर जेवणं झाली की पाहुण्यांच्या हातात अंक द्या. सगळे वाचत बसले की तुम्ही वही घेऊन बसलात ते कुणाला वेगळं वाटत नाही, दार लावून घ्यावं लागत नाही. आमच्याकडे हे दरवर्षी चालतं, सासूबाईच आता अंक वाटतात.

रामबागची_लेखणी:
बसचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, अगदी बरोबर. दुपारचा चहा ठरला मग. काका, आत्याबाईंसाठी छोटी वही वेगळीच ठेवते, त्यांच्याकडे होळकरांच्या काळातल्या ऐकीव गोष्टी पण खूप आहेत. जाऊबाईंना आजच फोन करते, येताना पुण्याहून पाच-सहा अंक घेऊन या म्हणून, इथे हवे ते सगळे वेळेवर मिळत नाहीत.