मदत हवी आहे: दहाव्या फेरीतच कार्डं संपतात, नेमका कुठला नियम चुकतोय?

नमस्कार मंडळी,

गेले तीन शनिवार आम्ही एकाच डावात हरतोय. खेळ 'ग्लूमहेवन: जॉज ऑफ द लायन', सगळ्यांनी मिळून राक्षसांशी लढायचा पटावरचा कार्डांचा खेळ. इंदिरानगरला दादाच्या घरी बसतो. दादा, वहिनी, नववीतली पुतणी आणि मी. शिकवणीचे पहिले 5 डाव रडतखडत पार पडले, त्यापुढे मात्र राक्षस संपायच्या आधी आमचीच कार्डं संपतात. परवा पुतणीच्या हातात दहाव्या फेरीला एकच कार्ड उरलं होतं. तिचं पात्र हॅचेट आहे, 10 कार्डांचं. राक्षसाला आणखी एकच फटका हवा होता. ते कार्ड धरून ती किती तरी वेळ पटाकडे बघत बसली आणि म्हणाली, "काका, आता दुसरा खेळ काढू या का?" मला हा खेळ तिच्यासोबत शेवटपर्यंत खेळायचाय, म्हणून विचारतोय.

आम्ही दोन कार्डं निवडतो, एकाचा वरचा भाग वापरतो, दुसऱ्याचा खालचा. कार्डावर लॉस्टचं चिन्ह दिसलं की ते डाव संपेपर्यंत बाजूला. बाकीची डिस्कार्डमध्ये, म्हणजे विश्रांती घेतली की परत हातात येणाऱ्या ढिगात.

अजून दोन शंका. दार उघडल्यावर आतले राक्षस त्याच फेरीत खेळतात का? दादा हो म्हणतो, वहिनी नाही. आणि राक्षसाच्या कार्डावर नुसता हल्ला असला, तरी आम्ही त्याला तक्त्यावरच्या आकड्याइतकं चालवतो. हे बरोबर आहे ना?

प्रतिसाद:
"चिन्ह दिसलं की" इथेच घोळ आहे! चिन्ह ज्या अर्ध्या भागात छापलंय, तो भाग वापरला तरच कार्ड लॉस्ट होतं. चिन्ह वर आहे आणि तुम्ही खालचा भाग वापरलात, तर कार्ड सरळ डिस्कार्डमध्ये. शिवाय कुठलंही कार्ड वरून साधा हल्ला 2 किंवा खालून साधी चाल 2 म्हणून वापरता येतं, तेव्हाही ते लॉस्ट होत नाही.

हिशोब करून बघा. दर विश्रांतीत डिस्कार्ड परत घेताना एक कार्ड कायमचं जातं. 10 कार्डं, फक्त असं एकेक गेलं, तर 5+4+4+3+3+2+2+1+1 म्हणजे 25 फेऱ्या खेळता येतात (लाँग रेस्ट, म्हणजे अख्खी फेरी विश्रांतीत घालवणं, त्या फेऱ्या वेगळ्या). पहिल्याच फेरीत एक कार्ड लॉस्ट केलंत की 21. एका कार्डापायी 4 फेऱ्या! तेच कार्ड अगदी शेवटी घालवलं तर फारसं बिघडत नाही. पुतणीला हे कागदावर मांडून दाखवाच.

दाराबाबत दादांचं बरोबर. राक्षस त्याच फेरीत खेळतात, त्यांचा क्रम उलटून गेला असेल तर दार उघडणाऱ्याची पाळी संपताच. आणि कार्डावर चाल नसेल तर राक्षस जागचा हलत नाही. त्यांना तुम्ही फुकट चालवत होतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार. काल मिसळ खाऊन आल्या आल्या पट मांडला. पुतणीने आधी सगळी कार्डं जमिनीवर पसरली आणि प्रत्येकावर बोट ठेवून चिन्ह वर की खाली ते पाहिलं. त्यातली कितीतरी आम्ही उगाच घालवली होती. सतराव्या फेरीत जिंकलो, तिच्या हातात तेव्हाही 3 कार्डं होती! एक शंका राहिली. शॉर्ट रेस्टमध्ये, म्हणजे फेरीच्या शेवटी घ्यायच्या झटपट विश्रांतीत, न बघता काढलेलं नको ते कार्ड गेलं तर 1 डॅमेज सोसून दुसरं काढता येतं, ते किती वेळा?

प्रतिसाद:
एका विश्रांतीत एकदाच. दुसऱ्यांदा जे निघेल ते सोडायचं.