अद्ययावत, अत्याधुनिक, प्रगत की उन्नत?

प्रश्न

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. कच्चा मजकूर असा आहे: 'आमच्या लॅबमध्ये सर्वात अत्याधुनिक उन्नत तंत्रज्ञान बसवले असून सर्व रिपोर्ट अद्यावत मिळतील.' नव्या, पुढच्या दर्जाच्या तंत्रज्ञानाला यातलं कोणतं विशेषण लावावं? 'प्रगत' चालेल का? काउंटरवर पेशंटशी बोलताना कोणतं वापरावं? (उत्तरं देणाऱ्यांच्या नावांऐवजी पुढे नागपुरातले त्यांचे भाग दिले आहेत.)

धरमपेठ

हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रत्येकाची तुलना वेगळ्या गोष्टीशी असते, ती ओळखली की निवड सोपी होते.

'अद्ययावत'ची तुलना आजच्या तारखेशी. मतदार यादी, नकाशा, सातबारा, बँकेतली केवायसी या गोष्टी मागे पडतात आणि पुन्हा आजच्या तारखेपर्यंत आणता येतात. म्हणून 'यादी अद्ययावत केली' हे सहज म्हणता येतं. 'यादी अत्याधुनिक केली' हे मात्र कानाला लगेच खटकतं.

'अत्याधुनिक'ची तुलना त्या क्षेत्रात आज जे जे मिळतं त्या सगळ्याशी. त्यात हे सगळ्यांत नव्यांपैकी आहे, असा दावा असतो आणि तो लवकर शिळा होतो.

'प्रगत'ची तुलना पातळीशी. प्र आणि गत, म्हणजे पुढे गेलेलं. ते नवं असायलाच हवं असं नाही, साध्या प्रकारापेक्षा जास्त क्षमतेचं असलं की पुरे. प्रगत अभ्यासक्रम कालपरवा सुरू झालेला नसतो, तो प्राथमिकच्या पुढचा असतो. पुण्याचं प्रगत संगणन विकास केंद्र 1988 चं, तरी नावातलं 'प्रगत' आजही शोभतं. त्यांचा परम 8000 हा महासंगणक 1991 मध्ये आला तेव्हा 'अत्याधुनिक' म्हणणं रास्त होतं. आज लिहायचं तर 'त्या काळी अत्याधुनिक असलेला' असं लिहावं लागेल.

आता लॅबमधलंच यंत्र घ्या. रक्तपेशी मोजणारं साधं यंत्र पांढऱ्या पेशींचे तीन गट करतं. त्यापुढचं यंत्र न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल असे पाच प्रकार वेगळे मोजून देतं. हे दुसरं यंत्र प्रगत. अशी यंत्रं बऱ्याच लॅबमध्ये असतात, तेव्हा त्याला 'अत्याधुनिक' म्हणणं ताणल्यासारखं होईल. त्याच्या रोजच्या कंट्रोल तपासणीची (यंत्र बरोबर मोजतंय ना, हे पाहण्याची) वही आजच्या सकाळपर्यंत भरलेली असेल तर ती वही अद्ययावत. यंत्र प्रगत आणि वही मागे पडलेली, असंही होऊ शकतं. दोन शब्द वेगळे ठेवायचे ते यासाठीच.

महाल

आधी लेखन दुरुस्त करा. 'अद्यावत' असा शब्द नाही. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत, मिळून अद्ययावत. अक्षरं पाच: अ, द्य, या, व, त. बोलताना दोन य एकमेकांत मिसळतात आणि तीच चूक हाताने लिहिली जाते. लक्षात ठेवायचं तर 'अद्याप'मधला अद्य आणि 'यच्चयावत'मधला यावत आठवा. यावत् मुळात व्यंजनान्त, पण मराठीत रूढ झालेले असे शब्द आपण अकारान्त लिहितो (अर्थात, क्वचित, विद्वान), म्हणून शेवटच्या त चा पाय मोडू नका.

'अत्याधुनिक' हा अति आणि आधुनिक यांचा संधी. 'त्या' एकाच त चा, 'धु' ऱ्हस्व. 'अतिआधुनिक' असं सुटं ठेवायची गरज नाही. आणि अति आत बसलेलाच आहे, मग 'सर्वात अत्याधुनिक', 'खूप अत्याधुनिक' हे दुप्पट झालं. 'सर्वात नवीनतम'ही तसंच, कारण 'तम'मध्ये 'सर्वांत' आलेलं आहे.

नुसत्या 'आधुनिक'वर भागत का नाही, हेही पाहण्यासारखं आहे. अधुना म्हणजे आत्ता, त्यावरून आधुनिक. पण हा शब्द कालखंडाचं नाव होऊन बसला. आधुनिक मराठी कविता आपण केशवसुतांपासून मोजतो, आणि केशवसुत 1905 साली गेले. शंभर वर्षांहून जुनं तेही आधुनिकच, मग आत्ताच्यासाठी 'अति' जोडावा लागला.

प्रश्नकर्ता

म्हणजे 'उन्नत' काढायचंच? नागपुरात सगळ्यांना समजतं ते.

धरमपेठ

समजतं, कारण हिंदी रोज कानावर असते आणि हिंदीत 'उन्नत तकनीक' सर्रास चालतं. मराठीत उन्नत म्हणजे उंचावलेलं. वर्धा रोडवरचा दुमजली पूल बघा: खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, लांबी 3.14 किलोमीटर. त्या मार्गाला 'उन्नत' शोभतं, जमिनीपासून वर उचललेला आहे म्हणून. विचार, मन यांनाही लागतं. पेशी मोजणारं यंत्र उन्नत म्हटलं तर ते स्टुलावर ठेवलंय असं वाटेल. मराठी माहितीपत्रकात 'प्रगत' लिहा.

सदर

माझं मत थोडं कडक आहे. 'अत्याधुनिक' जाहिरातीत इतकं वापरलं गेलंय की वाचणारा ते ओलांडूनच पुढे जातो. मजकुरातून पूर्ण काढावं आणि यंत्र काय करतं ते लिहावं.

धरमपेठ

काय करतं ते लिहावं, हे शंभर टक्के मान्य. शब्दच टाकून द्यावा, हे नाही. बातमीत, अहवालात, जिथे खरोखर नव्यातलं नवं सांगायचं आहे तिथे दुसरा इतका नेमका शब्द आपल्याकडे नाही. फक्त पुढच्या वाक्यात आधार द्यावा. कोराडीच्या वीज केंद्राचं उदाहरण घेऊ. तिथल्या 660 मेगावॉटच्या तीन संचांचं तंत्रज्ञान सुपरक्रिटिकल आहे. पाणी 374 अंश सेल्सिअस आणि साधारण 221 बार दाबाच्या पलीकडे नेलं की पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही, आणि जुन्या पद्धतीच्या संचापेक्षा तेवढ्याच कोळशात जास्त वीज मिळते. पण जगात हे 1950 च्या दशकापासून चालू आहे. म्हणून 'जुन्या संचांपेक्षा प्रगत' हे अचूक, आणि 'अत्याधुनिक' लिहिलं तर जाणकार वाचक अडतो.

महाल

एक राहिलंच. 'तंत्रज्ञान बसवले' हे चूक. तंत्रज्ञान वापरतात, बसवतात ती यंत्रणा किंवा यंत्र. तसंच 'अत्याधुनिक सुसज्ज लॅब' असं लिहू नका. सुसज्ज कशाने, ते यायला हवं: 'प्रगत यंत्रांनी सुसज्ज'. नाम करायचं झालं तर 'अत्याधुनिकता' ठीक आहे, 'अद्ययावतता' जिभेवर अडते, तिथे 'अद्ययावतपणा' बरा. विभक्ती लागली तरी ही विशेषणं बदलत नाहीत: प्रगत यंत्र, प्रगत यंत्राने. 'नवा' मात्र बदलतो: नवं यंत्र, नव्या यंत्राने.

सक्करदरा

काउंटरवर यातला एकही शब्द नको. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फोन घ्यायला गेलेला माणूस 'लेटेस्ट मॉडेल दाखवा' म्हणतो किंवा 'नवीन निघालेला कोणता?' विचारतो. हे 'निघालेलं' फार कामाचं आहे. बाजारात आलं, हे त्या एका क्रियापदात येतं आणि विशेषणाचं ओझं राहत नाही. पेशंटला सांगा: 'काकू, हे नवीन निघालेलं मशीन आहे, रिपोर्ट संध्याकाळी मिळून जाईल.' मशीन नवं नसेल पण चांगलं असेल तर: 'या मशीनमध्ये पाचही पेशी वेगवेगळ्या मोजून येतात.' 'अपडेट' वापरायचं तर फक्त नोंदीसाठी: 'तुमचा मोबाइल नंबर अपडेट करून घेते.' लिहिताना तेच 'अद्ययावत करणे'.

प्रश्नकर्ता

सगळं धरून मजकूर असा केला, बघा:

'आमच्या लॅबमध्ये रक्ततपासणीसाठी प्रगत यंत्र आहे. ते पांढऱ्या पेशींचे पाचही प्रकार वेगळे मोजते. यंत्राच्या रोजच्या तपासणीची नोंद अद्ययावत ठेवली जाते. रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी मिळेल.'

महाल

छान. 'रिपोर्ट अद्यावत मिळतील'मध्ये तुम्हाला 'वेळेवर' म्हणायचं होतं, ते आता सरळ आलं. 'नोंद अद्ययावत ठेवली जाते' ऐवजी 'नोंद रोज अद्ययावत करतो' केलंत तर कोण करतं तेही कळेल.