दिवाळीचं ताट नाताळात फेडायचं, तर केक देऊन भागते का?

पराटीवाला
आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. ख्रिस्ती घरं लहानपणी अकरा होती, आता सात उरली. दिवाळीत शेजारच्या घरांतून आमच्याकडे फराळाची ताटं यायची. ताट रिकामं परत करू नये हे सगळीकडेच पाळतात. पण आमची आजी दिवाळीत ताट परतच करायची नाही. घासूनपुसून फळीवर रचून ठेवायची. मग 25 डिसेंबरला उपासनेवरून आलं की तीच ताटं करंज्या, शंकरपाळे, चिवडा भरून, वर क्रोशाचा रुमाल टाकून ज्याच्या त्याच्या घरी जायची. ताटांवर नावं कोरलेली, त्यामुळे आम्हा पोट्ट्यांना घर चुकायची सोय नव्हती. दीड-दोन महिने कोणी शेजारीण आपलं ताट मागायला येत नसे, हे आता सांगूनही खरं वाटत नाही.

तीन वर्षांपासून फराळ बंद आहे. पुतण्या अमरावतीहून अर्ध्या अर्ध्या किलोचे केक आणतो. मागच्या नाताळात समोरच्या काकूंकडे मीच डबा घेऊन गेलो. माळकरी घर. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला अन् हळूच विचारलं, "अंडं असंन का रे बाप्पा यात?" मी म्हटलं, असंन. त्यांनी परत दिला नाही, पदराआड धरून आत नेला. संध्याकाळी त्यांच्या सालदाराचा पोरगा ओट्यावर बसून तो केक खाताना दिसला. खाल्ला गेला, ठीकच झालं. पण काकूंपर्यंत आमचा नाताळ काही पोचला नाही.

घरात काय करायचं ते करा. झाड लावा, सांता नाचवा. गल्लीत जे जाते ते मात्र फराळच असावं, असं माझं मत. यंदा यावरून घरात जुंपली आहे, म्हणून इथे विचारतो.

अचलपूरची सून
दादा, पोस्ट छान आहे, पण "आजी करायची" एवढ्यातच सगळं उरकलं तुम्ही. डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस. दिवसभर कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी बोटांची पेरं फाटलेली असतात. रात्री त्याच बोटांनी चिवड्याला तिखट-मीठ चोळून पाहा एकदा. मी अठरा वर्षं चोळलं. सासूबाईंच्या मागे सलग तीन रात्री चुलीपुढे बसायचं, 24 च्या रात्री उपासनेत डोळे मिटले की प्रार्थना कुठली, थेट झोपच.

केक आला त्या वर्षी मी पहिल्यांदा कॅरल पूर्ण ऐकले. बिनअंड्याचा केक दर्यापुरातही सांगून करून मिळतो. काकूंची अडचण तिथेच मिटते.

गंजातला केक
केक म्हणजे कालचं खूळ, असं काही जण धरून चाललेत. माझे वडील मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. सत्तरच्या दशकात आमच्या घरी केक व्हायचा: मोठ्या गंजात वाळू, वाळूवर डबा, गंजावर झाकण, झाकणावर निखारे. खालून जळायचा, मधे कच्चा राहायचा, तरी आम्ही भांडून खायचो.

अन् फराळ तरी कुठे ख्रिस्ती आहे? तो दिवाळीचा. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा. गव्हाणीचा देखावा संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीत ग्रेच्चो गावी मांडला. 25 डिसेंबर ही तारीखसुद्धा रोममध्ये 336 च्या नोंदीत सापडते, येशूच्या जन्मानंतर तीनशेहून जास्त वर्षांनी. आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारीलाच साजरा करते. जुनं म्हणून तुम्ही जे धरून बसला ते कोणीतरी कधीतरी नवंच आणलं होतं.

पराटीवाला
केक परका आहे असं मी कुठे लिहिलं? कोणाच्या घशाखाली उतरते, एवढाच माझा मुद्दा. सून वहिनींचं मात्र लागलं. आमच्याकडेही आई आणि दोन काकू असायच्या. त्या लिहायच्या राहिल्या, ही चूक माझी.

गावाबाहेरचा
भाऊ, ताटं गेली हे खरं. पण खाल्ली का?

आमच्या गावची गोष्ट सांगतो. मी सातवीत होतो. नाताळाचं ताट घेऊन आत्या एका मोठ्या घरी गेली, मी मागं. बाईनं हसून ताट घेतलं, दोन मिनिटं थांबा म्हणे, रिकामं करून आणते. मी पाणी प्यायला मागच्या अंगणात गेलो तं म्हशीपुढं आमच्या करंज्या. गव्हाणीत. बाबा कोणालाच काही बोलला नाही, पण त्या घरी पुढच्या वर्षीपासून ताट गेलं नाही. आमचा बाबा ख्रिस्ती झाला, पण आमची जात गाव विसरलं नव्हतं.

आता माह्या घरी 25 ला केक कापतो. मागच्या खेपेला पोरीच्या वर्गातले वीस पोट्टे आले, सगळ्या घरातले, त्या मोठ्या घरातला नातूही. अंडं-बिंडं कोणी विचारलं नाही, बोटं चाटत बसले. मले तं हाच नाताळ बरा वाटते.

पराटीवाला
यावर उत्तर द्यायला दोन दिवस लागले. आमच्या गल्लीत असं झालं नसंल, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. ताट मीच नेत होतो, पण दारातूनच परतत होतो. काकूंचं तेवढं माहीत आहे: त्यांना शंकरपाळे आवडायचे अन् चिवड्यात लसूण टाकू नका असा निरोप त्या दिवाळीतच पाठवून द्यायच्या. आजी त्यांचा चिवडा वेगळा काढायची.

पेटीमास्तर
तुम्ही खाण्यातच अडकले. कॅरलचं काय झालं ते बोला. आमच्याकडे बंडीवर गॅसबत्ती बांधून रात्री आठला निघायचे ते पहाटेपर्यंत, पेटी, ढोलकी, झांजा. भजनी मंडळाचे मृदंगवाले बुवा स्वतःहून सोबत यायचे, कारण चाली त्यांच्याच अभंगाच्या. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला अन् पुढे अभंग, कीर्तन चर्चमध्ये आणलं, त्याचा हा गावपातळीवरचा फायदा. आता पोरं पेनड्राइव्हवर ट्रॅक लावतात, एका घरी पंधरा मिनिटं, पाकीट घेतलं की पुढे. पेनड्राइव्हच्या साथीला कोणते बुवा बसतील? पराटीवाल्याचं फराळाचं म्हणणं मला याच अंगानं पटते. गावाच्या ओळखीचं काहीतरी त्यात पाहिजे.

अचलपूरची सून
मास्तर, पहाटेपर्यंत घराघरात चहाचं आधण कोण ठेवत होतं?

पेटीमास्तर
मान्य. आमच्या घरी बायकोच. तिला विचारलं तर ती पंधरा मिनिटांवर खूश आहे.

गंजातला केक
🙂

पराटीवाला
घरी काल ठरलं. सात ताटं फराळाची. पुतण्याचा केक घरच्या पोट्ट्यांसाठी, त्यात त्यांच्या दोस्तांना बोलवायचं. करंज्या यंदा नाहीत. शंकरपाळे मी आणि पुतण्या करणार, बायकोनं अटच घातली. दोन किलो मैद्याला मोहन किती घालायचं?

अचलपूरची सून
किलोवर जाऊ नका. एक वाटी तूप, एक वाटी साखर, एक वाटी दूध, साखर विरघळेपर्यंत गरम करा, उकळू नका. कोमट झालं की मावेल तितका मैदा. पीठ घट्ट पाहिजे, अर्धा तास झाकून ठेवा. आच मंद. मोठ्या आचेवर वरून लाल अन् आत पिठूळ राहतात, मग खरंच म्हशीपुढे टाकायची पाळी येईल.

गावाबाहेरचा
मी केकच कापणार आहो. पण ताई, ते शेवटचं वाक्य वाचून लय दिवसांनी हसलो.