मदत हवी आहे : फ्रिजात वाळवलेली तुळस काळी, पुदिना मऊ, बरणीत बुरशी

परसातली

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. न्हाणीच्या पाण्यावर परसात पुदिना, गवती चहा आणि तुळशीची पंधरा-वीस झाडं आहेत. घरच्या चहाला, काढ्याला पुरतं आणि नणंदा-भावजयांना एकेक पुडीही जाते.

अडचण वाळवण्याची. मे महिन्यात आमच्याकडे सावलीत टाकलं तरी दुसऱ्या दिवशी पान चुरतं, पण इतक्या उष्म्यात वास उडून जातो. चहात टाकलं तर कडब्याची काडी टाकल्यासारखं लागतं. भरपूर पाला असतो तो श्रावण-भादव्यात, आणि तेव्हा वाळत नाही. सुपात पसरून ठेवलं की चौथ्या दिवशी कुबट वास.

भाच्यानं मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला. तो कागदी पिशव्यांत भरून फ्रिजात दोन-तीन आठवडे हळूहळू वाळवतो, मग काचेच्या बरणीत भरून रोज थोडा वेळ झाकण उघडतो. म्हणे वास जसाच्या तसा राहतो. तो काय वाळवत होता ते मला शेवटी कळलं. गांजा! भाचा गालातल्या गालात हसत होता. मी म्हटलं, झाड ते झाड, पद्धत तर घेता येईल.

तर केलं ते असं. आमचा फ्रिज एका दाराचा, जुना, वर बर्फ साचतो. किराण्याच्या खाकी पिशव्यांत ४०० ग्रॅम पुदिना आणि मंजिऱ्यांसकट साधारण तितकीच तुळस भरली. दोन पिशव्या मधल्या जाळीवर, जागा नव्हती म्हणून दोन खाली भाजीच्या ड्रॉवरमध्ये. तुळस एकदम तोडता आली नाही. सासूबाई रविवारी, एकादशीला, द्वादशीला तुळशीला हात लावू देत नाहीत, त्यामुळे जमेल तशी तोडून त्याच पिशवीत टाकत गेले. लाइन रोज तीन-चार तास जातेच.

तुळस तिसऱ्या दिवशी काळी पडायला लागली. पुदिना नवव्या दिवशी हिरवा आहे पण मऊ, वजन ११८ ग्रॅम. तुळशीची एक पिशवी पंख्याखाली धरली तर कुरकुरीत वाटली म्हणून बरणीत भरली. दोन दिवसांत सादळली, काचेला आतून घाम आला, आणि मंजिऱ्यांवर कापसासारखं पांढरं.

माझं कुठं चुकलं? आणि बुरशीची मंजिरी काढून टाकून बाकीचं वापरू का? टाकून द्यायला जीव होत नाही.

वरवंटा

ताई, भाचा कोनता व्हिडिओ दाखोते ते आदी पाहात जा बाप्पा! पहिल्या चार ओळी वाचून मले वाटलं आता धाग्यावर पोलीसच येते.

गमतीचं जाऊ द्या. कोनी हे वाचून त्या झाडाची काडी परसात लावाले जाईन म्हनून सांगून ठेवतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात लागवडच गुन्हा हाय, १० वर्षांपर्यंत सजा अन् लाखापर्यंत दंड. घरापुरतं लावलं, इकलं नाही, एकच झाड होतं, असं म्हनून सूट भेटत नाही. तुरीच्या तासात लपवलेलं सापडलं म्हनून पेपरात फोटो येतच राह्यते. तुमची तुळस हाय, तुमाले काहीच भेव नाही.

वाळवाचं मले समजत नाही. आमच्या फ्रिजात पानी अन् कालचं वरन, बस.

कोरडवाहू

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते लगेच करायचं आहे. ती बरणी सगळीच्या सगळी टाकून द्या. बुरशी दिसते तेवढीच नसते, तिचे धागे आणि बीजाणू आजूबाजूच्या पानांतही गेलेले असतात. काही बुरशा विष तयार करतात, आणि ते पान पुन्हा वाळवून किंवा उकळून हमखास जात नाही. आपण काढा आजारी माणसालाच देतो, तेव्हा जीव होत नसला तरी द्या फेकून.

आता तुळस. यात तुमचा हात वाईट नाही, तुळशीला थंडीच सोसत नाही. ती उष्ण मुलखातली. साधारण १०-१२ अंशांच्या खाली तिच्या पानाला थंडी बाधते, पेशींची आवरणं फाटतात, आतला रस मोकळा होतो आणि हवा लागून पान काळं पडतं. चिरलेलं वांगं काळं पडतं त्याच जातीचा प्रकार. फ्रिजात ४-५ अंश असतात, म्हणजे ओली तुळस आत गेली तेव्हाच निकाल लागला होता. पुदिन्याचं उलटं आहे. त्याला शून्याजवळची थंडीही चालते, म्हणून तो नवव्या दिवशीही हिरवा आहे.

पण तो वाळलेला नाही, आणि हे वजनावरून कळतं. ताज्या पुदिन्यात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी धरा. ४०० ग्रॅममध्ये कोरडा भाग ६० ग्रॅम. साठवायला १० टक्के ओल चालते, म्हणजे तुमचा पुदिना ६७ ग्रॅमच्या जवळ आला की झाला. आज ११८ आहे, त्यातले ५८ ग्रॅम पाणी. म्हणजे पिशवीतल्या वजनात निम्मं अजून पाणीच आहे. पान कुरकुरीत लागतं का हे बोटांनी बघण्यापेक्षा पिशवीवर ओलं वजन पेन्सिलीनं लिहून ठेवा आणि दोन दिवसाआड काट्यावर ठेवा. काटा खोटं बोलत नाही.

व्हिडिओतल्या माणसाचं का जमतं? त्याच्या हातात पान नसतं, फुलोरा असतो. जाड, चिकट, घट्ट. तो भराभर वाळवला तर वरून खडखडीत आणि आत ओला राहतो. सावकाश वाळवला तर आतलं पाणी बाहेर यायला सवड मिळते, आणि गारव्यात सुगंधी तेलं कमी उडतात. नंतर बरणीत ६० टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत काही आठवडे मुरवतात, तेव्हा हिरवट वास जातो. तुमच्या पुदिन्याचं पान पातळ, त्याला मुरवायचं काही कारण नाही. उलट तो हिरवा ताजा वासच आपल्याला हवा असतो. त्या फुलोऱ्यासारखं तुमच्याकडे एकच काही आहे, मंजिरी. म्हणूनच बुरशी तिथं आली. पान वाळलं, मंजिरीचा दांडा आत ओलाच होता, बंद बरणीत त्याची ओल सगळीकडे पसरली.

आणि तुमचा फ्रिज. त्या माणसाकडे बर्फ न साचणारा, पंखा फिरवणारा फ्रिज असणार. त्यात हवा सतत गार पट्टीवरून फिरते, पाणी तिथं सुटून बाहेर जातं, त्यामुळे आतली हवा कोरडी राहते. उघडी पोळी त्यात एका रात्रीत पापड होते, ती याचमुळे. तुमच्या जुन्या फ्रिजात हवा फिरत नाही. ओल बर्फ होऊन वर साचते, आणि लाइन गेली की वितळून परत खाली येते. दिवसा काढलेली ओल रात्री परत. भाजीचा ड्रॉवर तर ओल धरून ठेवायलाच केलेला असतो, तिथं वाळवणं म्हणजे विहिरीत पापड घालणं.

रोज नवी तुळस जुन्यात टाकलीत, त्यानंही घात केला. सासूबाईंचे दिवस पाळा, पण प्रत्येक तोडणीची पिशवी वेगळी ठेवा. ओलं आणि सुकं एकत्र आलं की सुकं ओलं होतं, ओलं सुकं होत नाही.

धाब्यावरचा_पाऊस

मला हा फ्रिजचा खटाटोपच पटत नाही. आमची आजी चुलीवरच्या उतरंडीशेजारी जुड्या टांगायची, भर पावसात वाळायच्या.

कोरडवाहू

वाळायच्या, खरंय. पण त्या तुळशीच्या चहाला धुराचा वास यायचा की नाही, सांगा. जिथं चूल पेटते तिथं धूर नसलेला कोपरा असेल तर ती जागा उत्तमच. तुळशीला माझाही सल्ला फ्रिजबाहेरचाच आहे. पावसाची उघडीप बघून सकाळी दव उडाल्यावर तोडा, पानं खुडून दुरडीत एका थरात पसरा, खोलीची दारं लावून पंखा सोडा. पान पंख्याच्या वाऱ्यानं उडतं म्हणून वरून जुनं पातळ पातळ बांधा.

‘पातळ’ हा शब्द चुकून दोनदा पडलेला नाही हो. पहिलं पातळ नेसायचं, दुसरं विरलेलं.

नागपूरची_मावशी

माझा फ्रिज पंख्यावाला आहे आणि मी दोन वर्षं पुदिना, कोथिंबीर त्यातच वाळवते. पिशवी अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नाही, तोंड सैल दुमडायचं, दोन दिवसांनी हलवायची. पानं दांडीवरून खुडून भरली तर मला दोन आठवडे पुरतात, दांड्यांसकट भरली तर तिसरा आठवडा उलटतो. वर्तमानपत्राच्या पिशव्या वापरू नका, शाई लागते.

एक धडा मात्र फुकट देते. फ्रिजात दुसरं काय आहे ते बघा. भावजयीनं सुकटीचा डबा नीट न लावता ठेवला आणि माझ्या पुदिन्याच्या चहाला आठवडाभर बोंबलाची चव. चिरलेला कांदाही तसाच.

अजून एक. पिशवी बाहेर काढली की लगेच उघडायची नाही. भादव्याच्या दमट हवेत गार पानावर क्षणात पाणी धरतं, गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. पिशवी प्लॅस्टिकमध्ये घालून तोंड बांधा, तासाभरानं खोलीइतकी कोमट झाली की मगच उघडा. मला वाटतं ताईंची बरणी यानंही बिघडली असेल.

परसातली

अगं बाई, हो. मी फ्रिजातून काढून तशीच पंख्याखाली धरली होती!

बरणी फेकली. पुदिन्याचं कळलं. पण फ्रिज नवा घेणं शक्य नाही. याच फ्रिजात पुदिना पूर्ण वाळेल का? आणि बरणीत भरल्यावर आतली ओल कळायची कशी, दरवेळी बुरशीची वाट पाहू का?

कोरडवाहू

वाळेल, वेळ लागेल. फ्रिज आधी बंद करून बर्फ पूर्ण काढा, आतून कोरडा पुसा. पिशव्या वरच्या जाळीवर, भिंतीला न टेकवता. उघडं पाणी, उघडं वरण, भिजवलेल्या डाळी, सगळ्यावर झाकण. लाइन गेल्यावर दार उघडायचं नाही. ९० ग्रॅमच्या खाली आला की बाहेर काढून कोरड्या दुपारी पंख्याखाली शेवट केलात तरी चालेल.

बरणीसाठी छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो, दोन-तीनशे रुपयांत. बरणी दोन तृतीयांश भरा, मीटर आत टाका, झाकण लावून एक दिवस ठेवा. ६० च्या खाली असेल तर निवांत. ६५ च्या वर गेला तर त्याच दिवशी बाहेर काढून पुन्हा पसरा. पहिला आठवडाभर रोज पाहायचं आणि बरणी हलवायची, म्हणजे कुठं एखादा ओला दांडा असला तर तो उघडा पडतो. आपल्या कामापुरता व्हिडिओतला उपयोगी भाग एवढाच.

स्वस्त मीटर आधी तपासून घ्या. एका झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर घट्ट डब्यात सात-आठ तास ठेवा. मीटरनं ७५ दाखवायला हवं. जितकं कमीजास्त दाखवेल तितकी त्याची खोड, ती लक्षात ठेवायची.

निळे दाणे असलेल्या सिलिकाच्या पुड्या मात्र खाण्याच्या वस्तूत टाकू नका. बुटाच्या खोक्यातून काढलेल्या तर नाहीच नाही.

वरवंटा

निळे दाने आमच्या घरी तिखटाच्या डब्यात हायेत. आत्ताच काढतो.

परसातली

तीन आठवड्यांनी येतेय. सोयाबीन सोंगणीत बसायला फुरसत नव्हती.

पुदिना एकोणिसाव्या दिवशी ८८ ग्रॅमवर आला, मग दोन दुपारी पंख्याखाली ठेवला. आता ६८. हिरवा आहे, आणि हातावर चोळला की ठसका लागेल असा वास. तुळस नव्यानं तोडली, फक्त पानं, मंजिऱ्या देवाला. सासूबाईंच्या विरलेल्या पातळाखाली चार दिवसांत वाळली. थोडी तपकिरी झालीय पण काळी नाही. गवती चहा कात्रीनं बोटाच्या पेराएवढा कापून तसाच पसरला होता, तीन दिवस लागले.

मीटर आणला. मिठाच्या डब्यात ८० दाखवतो. पुदिन्याची बरणी ५९, तुळशीची ६०, दोन्ही आठ दिवस हलल्या नाहीत. गवती चहाची बरणी मात्र ६३ वर अडकलीय. पुन्हा पसरायची का?

कोरडवाहू

मीटर ७५ च्या जागी ८० सांगतो ना? मग पाच वजा करा. ५८ झाले. झाकण घट्ट लावा आणि बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवा.