ब्रेकिओरेडियालिसला (कोपर वाकवणाऱ्या, अंगठ्याच्या बाजूच्या स्नायूला) ठोका मारला की कोपर ढिम्म, बोटं मात्र वाकतात. तंत्र चुकतंय की मान?

प्रश्न (फिजिओ, पहिलं वर्ष):
रुग्ण ५८ वर्षांचे. उजव्या हाताने शर्टाची बटणं लावताना अडखळतात, मानदुखी फारशी नाही. उजवीकडे मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला ठोका मारला की कोपर हलत नाही, पण बोटं मुठीसारखी वाकतात. डावीकडे सगळं नेहमीसारखं. उजव्या बायसेप्सचा रिफ्लेक्स (ठोक्याला स्नायूची आपोआप उडी) मंद, ट्रायसेप्सचा जोरात. हॉफमन (मधल्या बोटाचं टोक झटकलं की अंगठा वाकणं) नाही. चिठ्ठीवर ‘स्पॉन्डिलोसिस, ट्रॅक्शन द्या’ (मणक्यांची झीज, मानेला ताण द्या) असं आहे. माझी जागा चुकतेय का?

न्यूरो रेसिडेंट:
ट्रॅक्शन आधी थांबवा, मानेला झटके देणंही नको. मज्जारज्जूवर दाब नाही हे ठरेपर्यंत दोन्ही बाद.

आता ठोका. हात मांडीवर सैल, कोपर साधारण काटकोनात, अंगठा वर. रेडियसच्या (अंगठ्याकडच्या हाडाच्या) मनगटाकडच्या टोकापासून ४-५ सेंटिमीटर वर हातोडी तिच्या वजनानेच पडू द्या. ती तळहाताच्या बाजूला सरकली तर बोटांच्या कंडरांवरच बसते आणि बोटं उगाच हलतात. नवखे इथेच फसतात. कोपर हललं नाही तर लगेच ‘नाही’ लिहू नका. दात घट्ट आवळायला सांगा आणि त्याच क्षणी पुन्हा मारा.

तरीही चित्र तेच राहिलं, तर हा उलटा रेडियल रिफ्लेक्स. बाबिन्स्कीने १९१० मध्ये वर्णन केलेला. कोपर वाकवणाऱ्या रिफ्लेक्सची वाट मज्जारज्जूच्या सी५-सी६ (मानेतल्या पाचव्या-सहाव्या) भागांतून जाते. ती तिथेच तुटली. खाली सी८ वरचा मेंदूचा लगाम सुटलेला असतो, म्हणून हाडातून पोचलेल्या हादऱ्यानेच बोटं वाकतात. नुसती बोटं वाकणं पुरेसं नाही बरं का. ज्यांचे सगळेच रिफ्लेक्स चपळ असतात त्यांच्यात कोपर आणि बोटं दोन्ही वाकतात. कोपराचं गप्प राहणं हीच खरी खूण.

स्पाइन सर्जन:
वरचं पटलं. भर एवढीच, की मणक्याचा आकडा आणि मज्जारज्जूचा आकडा एक नसतो. मानेत मज्जारज्जूचा भाग दोन मणक्यांमधल्या चकतीपेक्षा साधारण एक पायरी पुढे असतो: सी४-५ मणक्यांमधल्या चकतीमागे सी६ चा भाग, सी५-६ च्या मागे सी७ चा. सी५-६ वर मज्जारज्जू दबला असता तर ट्रायसेप्सच मंदावला असता. इथे तो जोरात आहे, बायसेप्स मंद आहे. एमआरआयमध्ये मी सी४-५ आधी बघेन. सी५-६ ला बाजूने सी६ ची नस आणि मधून मज्जारज्जू असं दोन्ही दबलं तरी रिफ्लेक्स उलटा होऊ शकतो, हे डोक्यात असू द्या.

हॉफमन नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि मधुमेह जुना असेल तर रिफ्लेक्स एरवीही मंद असतात, तेव्हा साखर विचारा.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद सर. दात आवळूनही तेच. आणखी काय बघू?

न्यूरो रेसिडेंट:
चाल, तळव्याचा बाबिन्स्की (तळवा खरवडल्यावर पायाचा अंगठा वर जाणं), जबड्याचा रिफ्लेक्स. जबडा जोरात उडाला तर दोष मानेच्याही वर शोधावा लागतो. मग १० सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडते-मिटते ते मोजा. २० च्या खाली आली तर शंका घट्ट. २०१० च्या एका अभ्यासात पाच खुणा एकत्र धरल्या होत्या: बिघडलेली चाल, हॉफमन, उलटा रेडियल रिफ्लेक्स, बाबिन्स्की आणि ४५ च्या वरचं वय. तीन जमल्या की मायलोपॅथीची (मज्जारज्जू दबून बिघडल्याची) शक्यता खूप वाढते. तुमच्या रुग्णात दोन आहेतच (वय आणि उलटा रिफ्लेक्स), म्हणून चाल आणि तळवा आजच बघा.

स्पाइन सर्जन:
आणि एमआरआयच्या फॉर्मवर ‘मानदुखी’ एवढंच लिहू नका. ‘उजवा रेडियल रिफ्लेक्स उलटा, ट्रायसेप्स जोरात, मायलोपॅथी?’ असं लिहा. रेडिओलॉजिस्ट मग मज्जारज्जूतला सिग्नल नीट बघतो. लघवीवरचा ताबा किंवा चाल झपाट्याने बिघडत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी पाठवा.