टेबलाच्या मधोमध शेगडी

(सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

बी-१०२, रात्री ८:५०
वहिनी, काल तुम्ही सगळे त्या नवीन जपानी बार्बेक्यूला गेला होतात ना? स्टेटसला फोटो पाहिले. लहान मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

बी-३०२, रात्री ९:१४
दादा, सकाळपासून चौघांनी हेच विचारलंय, म्हणून इथेच सविस्तर लिहिते. सासूबाईंचा ७५वा वाढदिवस होता. हॉटेल मुलीनं निवडलं. आम्हाला वाटलं, आईंना तिथलं काही चालायचं नाही.

टेबलाच्या मधोमध गोल खळगा आणि त्यात कोळशाची शेगडी, वर जाळी. सगळं कच्चंच बश्यांत येतं: चिकनच्या मांडीचे काप, मटणाचे कागदासारखे पातळ काप, कोळंबी, पनीर, मशरूम, ढोबळी मिरची, रताळ्याच्या चकत्या, मक्याचे तुकडे. आपणच चिमट्यानं जाळीवर टाकायचं, आपणच उलटायचं आणि सॉसमध्ये बुडवून खायचं. आपण ज्या बार्बेक्यूला जातो तिथे सळईवर आतून भाजून झालेलं आणून ठेवतात. इथे कच्च्यापासून सगळं आपल्या हातात.

पहिली पंधरा मिनिटं गोंधळात गेली. सगळ्यांनी एकदम सगळं टाकलं, जाळी भरली, काही करपलं, काही कच्चं राहिलं. मग आईंनी हळूहळू सूत्रं घेतली. कोळंबीचा राखाडी रंग जाऊन ती गुलाबी झाली आणि अर्धगोल वळली की लगेच काढायची, पूर्ण गोल होऊ दिली तर चिवट. मशरूमचा देठ काढून पोकळ बाजू वर ठेवायची आणि उलटायचंच नाही. थोड्या वेळानं त्या वाटीत थेंब थेंब पाणी जमतं. मी उलटायला गेले तर आई म्हणाल्या, "राहू दे गं, त्याचा सगळा जीव त्या पाण्यात आहे." त्यात सोया सॉसचे दोन थेंब आणि तसंच उचलून तोंडात. पूर्ण संध्याकाळी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती.

आता मनातलं सांगते. आमच्या घरी भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते. आई ओट्याशी उभ्या असतात आणि सगळ्यांचं उरकलं की त्या बसतात. गरम भाकरी दुसऱ्यांना वाढायची असते, असंच त्या धरून चालल्या. मी स्वयंपाक करते त्या दिवशी मीही तेच करते. काल चूलच टेबलावर होती, उठून जायला जागा नव्हती. चिमटा आधी आईंनीच घेतला, सवयीनं. दहा मिनिटांनी बाबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि भाजलेला पहिला तुकडा त्यांच्या बशीत ठेवला. लग्नाला १८ वर्षं झाली माझ्या, हे मी पहिल्यांदा बघितलं. आई काही बोलल्या नाहीत. फुंकर घालून खाल्ला.

दादा, मुलांचं विचाराल तर सहा-सात वर्षांपुढे हरकत नाही. त्याहून लहान असेल तर शेगडीपासून लांबच्या खुर्चीवर बसवा. जाळीच्या कडेचं लोखंड खूप तापतं.

सी-२०३, रात्री ९:२२
काकू, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

ए-१०४, रात्री ९:२६
फारच छान लिहिलंस गं. पण शाकाहारी माणसानं तिथे जावं का? आमच्या सूनबाई चला म्हणतात. मला जाळीचीच शंका आहे. ज्या जाळीवर कोळंबी, त्याच जाळीवर माझं पनीर?

बी-३०२, रात्री ९:३३
काकू, शंका अगदी बरोबर आहे, आणि इथे मला तक्रार करायचीच आहे. जाऊबाई शाकाहारी आहेत. बुकिंग करतानाच वेगळी शेगडी सांगितली होती. गेल्यावर एकच टेबल, एकच जाळी. वेटर म्हणाला, एका बाजूला व्हेज ठेवा ना. तीनदा सांगितलं तेव्हा छोटी शेगडी वेगळी आली, तोवर जाऊबाई अर्धा तास नुसतं सूप घेऊन बसल्या होत्या. आणि ते सूपही नंतर शाकाहारी नाही असं निघालं. मी आत जाऊन स्वयंपाक्यालाच विचारलं, तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला की त्यात माशाचा अर्क आहे. वाढणाऱ्या मुलाला ठाऊकच नव्हतं. जाऊबाईंना किती वाईट वाटलं ते मी पाहिलंय. मॅनेजरना हे शांतपणे, पण स्पष्ट सांगून आलो.

ए-१०४, रात्री ९:३५
अगं बाई. सूपमध्ये मासा?

सी-४०१, रात्री ९:४७
काकू, मी नोकरीनिमित्त तीन वर्षं नागोयाजवळ होतो, तिथे शाकाहारी मित्रांसोबत जेवताना हेच शिकलो, म्हणून सांगतो. जपानी हॉटेलातलं सूप बहुधा मिसोचं असतं. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, ती शाकाहारीच असते. पण सूपचं पाणी साधं नसतं, त्याला दाशी म्हणतात. दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशीची करतात, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाच्या, रंध्यानं काढल्यासारख्या पातळ पापुद्र्यांची. मासा दिसत नाही, म्हणून वाढणाऱ्यालाही कळत नाही. नुसत्या कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी मात्र शाकाहारी. त्या कोंबूतच जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना १९०८ मध्ये ग्लुटामेट हे चव आणणारं द्रव्य सापडलं आणि त्या चवीला त्यांनी उमामी नाव दिलं.

तेव्हा विचारताना "व्हेज आहे का" असं विचारू नका, उत्तर हमखास हो येतं. "दाशी कशाची आहे" असं विचारा. सॉसबद्दलही तसंच. भाजलेल्यावर लावतात त्या सॉसला तारे म्हणतात: सोया सॉस, साखर, मिरिन, लसूण, तीळ. काही ठिकाणी त्यात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस असतो. मिरिन हा तांदळाचा गोडसर मद्यार्क आहे, ज्यांना तो चालत नाही त्यांनी तेही विचारावं. आणि सोया सॉसमध्ये गहू असतो, ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

ए-१०४, रात्री ९:५२
लसूणही आला म्हणजे. मग आमचं कठीणच.

सी-४०१, रात्री ९:५५
काकू, मीठ आणि लिंबू मागा. तिकडेही बरेच पदार्थ नुसत्या मिठावर भाजून खातात, तो कमीपणाचा प्रकार मानत नाहीत. रताळं आणि मका मिठावरच छान लागतात.

डी-३०४, रात्री १०:०१
एक स्पष्टच विचारतो, कोणी राग मानू नये. जपानी बार्बेक्यू म्हणजे गोमांस असतं ना?

सी-४०१, रात्री १०:१२
राग कसला काका, विचारलंच पाहिजे. जपानात याकिनिकू म्हटलं की मुख्यतः तेच. याकी म्हणजे भाजलेलं, निकू म्हणजे मांस. आपल्याकडे महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. त्यामुळे नाशिकमध्ये या नावाखाली चिकन, मटण, मासे, भाज्या हेच मिळतं. तरी मेनूवर नाव वाचून खात्री करून घ्यायची, हे मी कुठेही करतो.

तिथेही सगळं पहिल्यापासून असंच नव्हतं हं. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूनं गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली होती. पुढे शेकडो वर्षं तिथे चार पायांच्या प्राण्यांचं मांस उघडपणे फारसं खात नसत. १८७२ मध्ये सम्राट मेइजीनं स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. आणि टेबलावर भाजून खायची ही पद्धत तर दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कोरियन लोकांनी रुजवली. ओसाकाच्या त्सुरुहाशी भागात आजही स्टेशनातून उतरलं की भाजण्याचा वास येतो.

ए-१०१, रात्री १०:१९
धुराचं काय करतात? मला दम्याचा त्रास आहे. नातू चला म्हणतो, पण चार तास खोकत बसण्यापेक्षा घरी पिठलं बरं.

बी-३०२, रात्री १०:२४
आजोबा, मलाही तीच भीती होती. टेबलाच्या कडेलाच फटी आहेत, तिथून पंखा धूर खाली ओढून घेतो. साडीला वास आला थोडा, पण डोळे चुरचुरले नाहीत. चरबी कोळशावर पडली की मात्र भपकन धूर येतो, तेवढ्यापुरता तुकडा बाजूला सरकवायचा. तुम्ही मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि कोपऱ्यातलं टेबल घेऊ नका.

सी-४०१, रात्री १०:२८
आजोबा, ही खालून धूर ओढणारी टेबलं जपानात १९८० च्या सुमारास आली. त्याआधी ही हॉटेलं धुरकट असायची, फार करून पुरुषमंडळीच जायची. धूर गेला तसे बायका-मुलांसकट कुटुंबं येऊ लागली.

ए-१०१, रात्री १०:३७
माहिती चांगली दिलीस रे. मला सारखा हुरडा आठवतोय. निफाडकडे आमच्या मामाच्या मळ्यात जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा आर करायचे. कणसं त्यात खुपसायची, बाहेर काढून हातावर चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची. जो चोळेल त्यानं आधी दुसऱ्याच्या हातावर द्यायचं, असा मामाचा नियम होता. स्वतःच्या तोंडात पहिला घास टाकला तर मामी ओरडायची. वर दही, लसणाची चटणी आणि गूळ. थंडीत पाठ गारठलेली आणि तोंड तापलेलं. तेव्हा कोणी त्याला रेस्टॉरंट म्हणत नव्हतं, पण आग मधोमध आणि माणसं भोवती, हे तेच.

बी-३०२, रात्री १०:३९
आजोबा, अगदी हेच मला काल वाटत होतं. शब्द तुम्ही दिलेत.

सी-२०३, रात्री १०:४१
मग आपणच गच्चीवर करूया ना! थंडी सुरू झालीच आहे. चार शेगड्या, गोल करून बसायचं.

डी-२०१ (सेक्रेटरी), रात्री १०:५२
कल्पना उत्तम आहे. पण सेक्रेटरी म्हणून काही गोष्टी आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर वाद नकोत.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग याच पावसाळ्याआधी झालंय, आपल्या सगळ्यांचे पैसे त्यात आहेत. शेगडी थेट फरशीवर ठेवायची नाही. खाली विटा, विटांवर पत्रा, पत्र्यावर वाळू, मग शेगडी. दोन बादल्या पाणी आणि एक घमेलं वाळू हाताशी हवी. मुलांना टाकीच्या बाजूला पाठवायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वारा आहे म्हणून कोणी पेटती शेगडी जिन्याच्या खोलीत किंवा घरात आणायची नाही, बंद बाल्कनीतही नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो होत असतो. रात्री उबेला शेगडी खोलीत ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. उरलेले निखारे गच्चीवरच पाण्यात पूर्ण विझवायचे, कचऱ्याच्या डब्यात कोरडे टाकायचे नाहीत.

बी-१०२, रात्री १०:५५
सेक्रेटरी काकांशी १०० टक्के सहमत. विटा माझ्याकडे आहेत, पार्किंगमध्ये.

सी-४०१, रात्री १०:५८
जपानात या छोट्या शेगडीला शिचिरिन म्हणतात. नोतो नावाच्या भागातल्या एका हलक्या मातीपासून कोरून करतात. ती माती सूक्ष्म शेवाळांच्या अवशेषांची असते, उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपल्याकडे भांडेबाजारात लोखंडी शेगड्या मिळतील, पण त्या बाहेरूनही तापतात. मी बघून ठेवतो. लाकडी कोळसा घ्या, दगडी नको, आणि रॉकेल टाकून पेटवू नका, त्याचा वास भाज्यांना लागतो.

डी-३०४, रात्री ११:०२
मांसाहार गच्चीवर नको, हे मी नम्रपणे सांगतो. अर्ध्या सोसायटीचा विचार करा.

बी-३०२, रात्री ११:०६
भाऊ, मान्य आहे. खायचं त्यांनी हॉटेलात जावं, गच्चीवर फक्त शाकाहारी. एका जाळीवरून काल जे झालं ते आपल्याच घरात मला व्हायला नको. कांदा-लसूण नसलेल्यांची शेगडीही वेगळी ठेवू आणि तिचा चिमटाही वेगळा. त्या शेगडीची जबाबदारी मी घेते.

ए-१०४, रात्री ११:११
एवढा विचार केलास, बरं वाटलं. मग मी नक्की येणार. फक्त तारीख चंपाषष्ठीनंतरची धरा. आमच्याकडे चातुर्मासापासून वांगं बंद असतं, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सुटतं. गच्चीवर निखारे असतील आणि त्यावर वांगं नसेल, तर मला चैन पडायचं नाही. जळगावला माझ्या माहेरी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तसा वास इथे येणार नाही, पण कोळशावरही बरं होतं.

डी-२०१ (सेक्रेटरी), रात्री ११:१४
ठीक. चंपाषष्ठीनंतरचा पहिला शनिवार, संध्याकाळी ६:३०. हरकत असेल त्यांनी मला उद्यापर्यंत फोन करावा, ग्रुपवर नको.

ए-१०१, रात्री ११:१६
हुरड्याला अजून वेळ आहे. तो आला की दुसरी संध्याकाळ. भाचा अजून मळा करतो, त्याला उद्या विचारतो.

बी-३०२, रात्री ११:२०
सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणतात, रताळी मी आणते, पण चिमटा कोणीतरी दुसऱ्यानं धरा.

ए-१०४, रात्री ११:२२
त्यांना सांग, वांगी मी भाजते. त्यांनी माझ्या शेजारी बसून नुसतं खायचं.