मदत हवी आहे: जुन्या बाथरूमची अभ्यासाची खोली करायची आहे, फरशी फोडावी का?

नमस्कार मंडळी,

नागपुरात खामल्याला आमचं तळमजल्याचं घर आहे, सासऱ्यांनी 1984 साली बांधलेलं. मागच्या बाजूला जुनं बाथरूम, त्याला लागून संडास, मध्ये साडेचार इंची भिंत. दोन्ही मिळून जागा 6 बाय 11 फूट. दोन वर्षांपूर्वी बेडरूमला लागून नवीन बाथरूम काढलं, तेव्हापासून हे बंदच आहे. मुलगा जूनमध्ये दहावीत जाईल. मधली भिंत काढून त्याला तिथे टेबल-खुर्ची मांडून द्यावी, असं मनात आहे.

बंद केल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात वास सुटला. रात्री लाइट लावला की जाळीतून झुरळं वर. प्लंबर म्हणाला, ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाइपात साठून वास अडवणारं, पाणी आटलं. तेव्हापासून तुळशीला घालावं तसा दर रविवारी एक तांब्या त्या जाळीत ओतते. पण पोरगा तिथे बसायला लागल्यावरही हेच करत राहू का?

मिस्त्री म्हणतो, "काहून तोडफोड करता ताई, जाळीत सिमेंट भरतो अन् जुन्या फरशीवरच टाइल मारून देतो. तीन दिवसांत खोली तयार." दुसऱ्या ठेकेदाराला सगळंच खणायचंय. त्याचा आकडा ऐकून नवरा उठून पेपर वाचायला गेला.

सासरे सांगतात, स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइप याच फरशीखालून मागच्या चेंबरला जातो. पाइप चिनी मातीचा, नकाशा कुणाकडे नाही. भिंतीला साडेचार फुटांपर्यंत टाइल्स आहेत. त्यांच्या वर रंग फुगलाय, बोट लावलं की पिठासारखा झरतो. आणि गच्चीवर बरोब्बर याच जागी हजार लिटरची टाकी!

फरशी ठेवून जमेल का? भिंत कुणाला दाखवावी? सासूबाईंचा प्रश्न वेगळाच: संडासाच्या जागी सरस्वती कशी मांडायची? त्याचंही उत्तर असेल तर द्या.

*प्रतिसाद: ओळंबा*

ताई, आधी भिंत. टाकी भरली की नुसतं पाणीच एक टन. साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा आडोशापुरती असते, पण जुन्या घरात स्लॅब तिच्यावर टेकलेला असू शकतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका.

जाळीत सिमेंट भरून भागत नाही. खालची लाइन चेंबरला जोडलेलीच राहते, फटीतून वास येतोच. बंद लाइनला चेंबरच्या तोंडाशी बूच मारा. चालू लाइन कोणती ते कळायला चेंबरचं झाकण उघडा आणि सिंकमध्ये नीळ घातलेलं पाणी ओता. निळं पाणी ज्या तोंडातून येईल, ती चालू. ती खोलीखालून जात असेल तर आत्ताच पीव्हीसी टाकून घ्या.

टाइल्स काढा, प्लास्टर विटेपर्यंत खरवडा आणि भिंत उघडी सोडा. आपल्या उन्हाळ्याचा एवढा तरी उपयोग. मग प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर अजून थांबा. घाईत पुट्टी मारली तर पावसाळ्यात परत पोपडे.

*प्रतिसाद: पोहेवाला_तर्री*

खिडकीचं कोणी बोलूनच नाही राहिलं! त्या झरोक्यावर मे मध्ये पोरगा शिजून जाईल ना बाप्पा. आणि कूलर लावाल तर हवा बाहेर जायलाही वाट ठेवा, नाहीतर वह्या दमट.

*धागाकर्ती*

दोघांचेही आभार. आज नीळ घालून पाहिलं. सासरे चेंबरजवळ खुर्ची टाकून बसले, मी सिंकमध्ये तीन बादल्या ओतल्या. चेंबरमध्ये आली जेमतेम एक. उरलेल्या दोन कुठे मुरल्या ते फरशी फोडल्यावरच कळेल, आणि भिंतीची ओल कुठून येते तेही बहुधा.

इंजिनिअर शनिवारी येणार आहेत. सासूबाई पुस्तकांना तयार झाल्या, फोटो मात्र नको म्हणतात.